शिरस्त्राणाच्या आत

अमेरिकेच्या व्यायामशास्त्रात गेल्या काही वर्षांत ‘टॅक्टिकल अ‍ॅथलीट’ हा शब्द रूढ झाला आहे. सैनिक, पोलीस, अग्निशमन दलाचा जवान, आपत्तीत धावून जाणारा बचाव पथकातील कर्मचारी, अशा सर्वांना मिळून हा शब्द वापरतात. ज्याचे शरीर हेच त्याच्या कर्तव्याचे साधन आहे, त्या माणसाकडे खेळाडू म्हणून पाहावे. त्याचा आहार, व्यायाम, विश्रांती आणि दुखापत यांची काळजी एखाद्या ऑलिम्पिकवीराइतक्याच काटेकोरपणे घ्यावी, ही त्यामागची कल्पना. शब्दाला बाजाराचा थोडा वास येतो हे खरे. पण कल्पनेत तथ्य आहे. किंबहुना खेळाडूपेक्षा जवानाची गरज अधिक निकडीची आहे. खेळाडूला सामन्याची तारीख महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते, मैदानात पंच असतो आणि हरला तरी पुढचा मोसम असतो. गस्तीवर निघालेल्या शिपायाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

आजवर या तयारीत धावणे, दंड-बैठका आणि वजन उचलणे यांचाच विचार होत असे. आता तो मेंदूपर्यंत येऊन पोहोचला आहे. जवान काय पाहतो, काय ऐकतो, किती वेळात ओळखतो आणि ओळखल्यावर चाप ओढतो की हात आवरतो, हे सारे मेंदूचे काम. अमेरिकन भूदलाने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या शारीरिक क्षमतेच्या नियमपुस्तिकेची फेररचना केली, तेव्हा व्यायाम आणि आहार यांच्या जोडीला मानसिक तयारी, आध्यात्मिक तयारी आणि झोप ही तीन अंगे स्वतंत्रपणे मांडली. झोपेला कवायतीच्या पंक्तीत बसवणारे लष्कर, ही गोष्ट लहान नाही. मात्र या समजुतीपर्यंत यायला जगाला शंभर वर्षे लागली आणि त्या काळात सैनिकांवर पुष्कळ अन्याय झाला.

१९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची स्मृती, दृष्टी, गंध आणि चव यांवर परिणाम झाला होता. मायर्सने या अवस्थेसाठी ‘शेल शॉक’ हा शब्द छापला आणि तो जगभर गेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असे सुमारे ८० हजार रुग्ण नोंदले गेले. मग वाद सुरू झाला. स्फोटाने मेंदूला खरोखरच इजा होते, असे एका पक्षाचे म्हणणे. हा मनाचा दुबळेपणा किंवा सरळ भित्रेपणा आहे, असे दुसऱ्याचे. दुसरा पक्ष जिंकला. १९२२ साली ब्रिटिश युद्ध खात्याच्या चौकशी समितीने तो शब्दच वापरातून काढून टाकण्याची शिफारस केली. शब्द गेला, तशी इजेचा शोध घेण्याची निकडही गेली. महायुद्धाच्या काळात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. त्यांतील कितीजण गोळा जवळ फुटल्यामुळे दिशाहीन झाले होते, याचा निवाडा आता कोणी करू शकणार नाही.

या इतिहासाशी महाराष्ट्राचेही नाते आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. जे परत आले, त्यांच्या डोक्यात काय घेऊन ते आले, हे स्मारकाच्या शिळेवर कोरता येत नाही. रात्री दचकून उठणारा, माणसांत न मिसळणारा, भांड्याच्या आवाजाने बिथरणारा म्हातारा फौजी अशा गावांतील अनेक घरांनी पाहिला आहे. घरच्यांनी त्याला स्वभाव मानले.

शंभर वर्षांनी सूक्ष्मदर्शकाने पहिल्या पक्षाच्या बाजूने साक्ष दिली. अमेरिकेतील बेथेस्डा येथील लष्करी वैद्यकीय विद्यापीठातील डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटांना सामोरे गेलेल्या मृत सैनिकांचे मेंदू तपासले. मेंदूतील करडा आणि पांढरा भाग जेथे एकमेकांना भिडतात, नेमक्या त्या सीमारेषेवर त्यांना व्रणाच्या खुणा आढळल्या. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. कारण समजण्यासारखे आहे. स्फोटाची दाबलहर डोक्यातून जाते तेव्हा वेगवेगळ्या घनतेच्या ऊती वेगवेगळ्या गतीने हलतात आणि जेथे त्यांचा सांधा असतो तेथे ताण पडतो. शिरस्त्राण छर्‍यापासून वाचवते. दाबलहर त्याच्या कडेखालून आत शिरते. नेहमीच्या स्कॅनमध्ये हे व्रण दिसत नाहीत, म्हणून जिवंत माणसाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवले जाते.

८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील अल असद तळावर क्षेपणास्त्रे डागली. एकही अमेरिकन सैनिक दगावला नाही आणि कोणाला इजा झाली नाही, असे प्रथम जाहीर झाले. राष्ट्राध्यक्षांनी पुढे आलेल्या तक्रारींना ‘डोकेदुखी’ म्हणून बाजूला सारले. महिन्याभरात मेंदूची इजा झाल्याचे निदान झालेल्या सैनिकांची संख्या शंभरापलीकडे गेली.

तेथे निदान शत्रूची क्षेपणास्त्रे होती. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट आहे ती स्वतःच्याच तोफेची. २०१७ साली सीरियातील रक्का येथे इस्लामिक स्टेटविरुद्ध लढताना अमेरिकन मरीन दलाच्या एका तोफखाना तुकडीने पाच महिन्यांत ३५ हजार गोळे डागले. व्हिएतनाम युद्धानंतर एवढा मारा कोणत्याही तुकडीने केला नव्हता. तोफचींवर शत्रूचा गोळा पडला नाही. पण मायदेशी परतल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना भास, स्मृतिभ्रंश, अनावर राग आणि निद्रानाश यांनी घेरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२३ मध्ये ही कहाणी बाहेर काढली. एका गोळ्याचा हादरा मेंदूला सहन होतो. हजाराव्या गोळ्यापर्यंत हिशेब कोणी ठेवलेला नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेन राज्यातील लुइस्टन येथे एका राखीव सैनिकाने १८ जणांना गोळ्या घालून ठार केले. तो अनेक वर्षे रंगरूटांना हातगोळे फेकण्याचे प्रशिक्षण देत असे. त्याच्या मेंदूच्या तपासणीत इजेच्या स्पष्ट खुणा मिळाल्या. या इजेमुळेच हे हत्याकांड घडले, असे तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनीही ठामपणे म्हटलेले नाही आणि आपणही म्हणू नये. पण प्रशिक्षकाला रणांगणाबाहेर, सरावाच्या मैदानावरच धोका असतो, ही बाब त्यानंतर कोणाला नाकारता आली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण विभागाने आदेश काढला : भरतीच्या वेळीच प्रत्येकाच्या स्मृती, लक्ष आणि प्रतिसादाची चाचणी करून नोंद ठेवायची, दर चौरस इंचास ४ पौंडांहून अधिक दाब निर्माण करणाऱ्या शस्त्रांच्या सरावात सुरक्षित अंतर पाळायचे. भरतीची नोंद महत्त्वाची अशासाठी, की दहा वर्षांनी जवान ‘मला पूर्वीसारखे आठवत नाही’ म्हणू लागला, तर ‘पूर्वी’ म्हणजे काय हे कागदावर असते.

खांद्यावरून डागायच्या कार्ल गुस्ताफ या रणगाडाविरोधी शस्त्राचे उदाहरण घ्या. ते डागणाऱ्याच्या कानाशीच स्फोट होतो. अमेरिकन सैन्यात सरावासाठी एका माणसाला दिवसाला सहाच गोळ्यांची मर्यादा घातलेली आहे. भारतीय सैन्यातही हे शस्त्र अनेक दशके आहे. आपल्या नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे आणि तेथे तोफांचा आवाज परिसरातील लोकांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. रंगरूट शिकून पुढच्या ठाण्यावर जातो. उस्ताद मात्र तेथेच राहून तुकडीमागून तुकडी घडवतो. विमानाच्या वैमानिकाचे उड्डाणतास जसे वहीत चढतात, तसे तोफचीच्या आणि उस्तादाच्या नावावर डागलेले गोळे चढले पाहिजेत. याला फार पैसा लागत नाही.

इजा टाळणे ही एक बाजू झाली. दुसरी बाजू संवेदना धारदार करण्याची आणि येथे थोडे थांबले पाहिजे, कारण येथे खऱ्या ज्ञानाबरोबर पुष्कळ भंगारही विकले जाते.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी आयुष्यभर खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. कुशल खेळाडू निर्णायक हालचालीपूर्वी क्षणभर एका बिंदूवर नजर स्थिर ठेवतो, हे त्यांनी दाखवले. २०१२ साली त्यांनी हीच पद्धत पोलिसांना लावली. एका बाजूला निवडक पथकातील अनुभवी पोलीस, दुसऱ्या बाजूला नवशिके. समोर भांडणारा माणूस अचानक वळतो. कधी त्याच्या हातात पिस्तूल असते, कधी मोबाइल फोन. अनुभवी पोलिसांचे सुमारे ७५ टक्के नेम लागले, नवशिक्यांचे ५४ टक्के. खरा फरक मात्र फोनच्या प्रसंगात दिसला. हातात फोन असताना गोळी झाडणाऱ्या अनुभवी पोलिसांचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. नवशिक्यांचे ६१ टक्क्यांहून अधिक!

नवशिक्यांचा हात हळू होता का? मुळीच नाही. पिस्तूल काढायला, रोखायला, झाडायला दोघांनाही सारखाच वेळ लागत होता. फरक नजरेत होता. अनुभवी पोलीस समोरच्याच्या हातावर नजर लवकर नेत आणि तेथेच ठेवत. नवशिके शेवटच्या क्षणी नजर काढून स्वतःच्या पिस्तुलाच्या माशीकडे पाहत आणि नेमक्या त्या क्षणी समोरच्या हातात काय आहे हे त्यांना दिसतच नसे. नेमबाजीच्या मैदानावर त्यांना शिकवले होते तेच ते करत होते : आधी माशी पाहा, मग लक्ष्य. पुठ्ठ्याचे लक्ष्य खिशातून फोन काढत नाही. ज्या निष्पाप माणसाचा जीव अशा अर्ध्या सेकंदात जातो, त्याच्या मृत्यूचे मूळ शिपायाच्या क्रौर्यात नसून प्रशिक्षणाच्या क्रमात असू शकते, हे या प्रयोगाने दाखवले. एकही महागडे यंत्र न आणता, केवळ सरावाचा क्रम बदलून यात सुधारणा होऊ शकते.

इराक आणि अफगाणिस्तानात रस्त्याकडेला पुरलेले बॉम्ब कोण ओळखतो, याचाही अमेरिकन लष्कराने शोध घेतला होता. त्या अभ्यासात दोन प्रकारचे सैनिक इतरांहून सरस निघाले. एक, खेड्यात वाढलेले आणि लहानपणापासून शिकारीला जाणारे. दुसरे, शहराच्या गुंडगिरीच्या वस्तीत वाढलेले, कोणत्या कोपऱ्यावर आज काही बिनसले आहे हे ज्यांना न सांगता कळते ते. व्हिडिओ खेळांवर पोसलेली मुले मागे पडली. पडद्याच्या चौकटीबाहेर काय चालले आहे, हे पाहण्याची सवय त्यांना नव्हती.

गडचिरोलीने हे तत्त्व कोणत्याही प्रयोगशाळेविना ओळखले होते. १९९० साली तेथे सी-६० हे पथक उभे राहिले, ते जंगल, वाटा आणि भाषा जाणणाऱ्या स्थानिक तरुणांतून. पक्षी एकदम गप्प का झाले, पायवाटेवरची पाने कालच्यासारखी का पडलेली नाहीत, हे ज्याला दिसते त्याच्या मागे पथक सुरक्षित चालते. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक हुतात्मा झाले. सुरुंग ओळखण्याची नजर ही त्या जिल्ह्यात चर्चेची बाब कधीच नव्हती.

आता बाजाराकडे वळू. उघडझाप करणारे चष्मे, दिव्यांवर हात मारायच्या भिंती, संगणकावरील ‘मेंदूचे व्यायाम’ हे सारे आज खेळाडूंना आणि सुरक्षा दलांना विकले जाते. यातील काही साधनांनी त्या त्या कसरतीतील वेग वाढतो, हे खरे आहे. प्रश्न असा, की दिव्यावर हात मारण्यात पटाईत झालेला माणूस अंधाऱ्या जिन्यातही तेवढाच तरबेज होतो का? २०१० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. ज्या खेळाचा सराव केला त्यात ते सुधारले. इतर कामांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१६ साली ल्युमॉसिटी या प्रसिद्ध ‘ब्रेन ट्रेनिंग’च्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. पोलीस दलासाठी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि मुलाला सैन्यात पाठवण्यासाठी क्लासची फी भरणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे यावर ‘हे सगळे आमच्या योगशास्त्रात आहेच’ असे म्हणून विषय मिटवण्याची एक सोय असते. हठयोगाच्या षट्कर्मांत त्राटक आहे. एका बिंदूवर दृष्टी स्थिर ठेवण्याचा तो अभ्यास आहे आणि विकर्सबाईंच्या स्थिर नजरेशी त्याचे साम्य कोणालाही जाणवेल. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. भारतीय वंशाच्या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ अमिशी झा यांनी काय केले ते पाहावे. युद्धावर निघण्यापूर्वीच्या ताणाच्या काळात मरीन सैनिकांना ध्यानाचे आठ आठवड्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्यांची कार्यकारी स्मृती मोजली. ज्यांनी घरी नेमाने सराव केला, त्यांची स्मृती टिकली वा सुधारली. ज्यांनी सराव थोडा केला, त्यांची घसरली, प्रशिक्षणाला बसले असूनही! हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या परंपरेचा खरा अभिमान असणाऱ्यांनी त्राटकालाही अशाच मोजपट्टीवर उभे करावे. दिल्लीत तिमारपूरला संरक्षण संशोधन संघटनेच्या मानसशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या दोन्ही विषयांच्या संस्था शेजारी शेजारी आहेत. हे काम त्यांच्याइतके चांगले कोण करणार?

मात्र ज्या उपायावर वाद नाही, जो फुकट आहे आणि ज्याला आपली व्यवस्था सर्वांत कमी मान देते, तो आहे झोप. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मोजून दाखवले. भारतात वाहनचालकाला ०.०३ टक्क्यांवर गुन्हेगार ठरवले जाते. म्हणजे नाक्यावर रात्री बारा वाजता मद्यपी चालकाच्या तोंडाशी यंत्र धरणारा, पहाटेपासून जागा असलेला शिपाई स्वतःच त्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो! २००३ सालचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा प्रयोग याहून बोलका आहे. रोज सहा तास झोप मिळालेल्या माणसांची दोन आठवड्यांनी अशी स्थिती झाली, की जणू ते सलग जागरण करून आले आहेत. आणि आपण एवढे मंदावलो आहोत, हे त्यांना स्वतःला जाणवतच नव्हते. ‘मला सवय आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येक हवालदाराला हे वाचून दाखवावे, असे आम्हाला वाटते. २०१७ साली अमेरिकन नौदलाच्या दोन युद्धनौका दोन महिन्यांच्या अंतराने मालवाहू जहाजांवर आदळल्या आणि १७ नौसैनिक बुडाले. चौकशीत समोर आलेल्या कारणांपैकी थकवा हे एक होते. त्यानंतर शरीराच्या घड्याळाशी जुळणाऱ्या पाळ्या लावण्याचे आदेश निघाले.

मुंबईने हे त्याआधीच करून पाहिले होते. मे २०१६ मध्ये तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती योजना मांडली होती त्याच ठाण्यातील एका शिपायाने. मनुष्यबळ पुरणार नाही, ही हरकत स्वाभाविक होती. पण असलेलेच मनुष्यबळ नव्या पद्धतीने वाटून तो प्रयोग चालला आणि टप्प्याटप्प्याने इतर ठाण्यांत नेला गेला. गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चा आला की पाळीचे वेळापत्रक बाजूला पडते, हे कोणत्याही पोलीस वसाहतीत विचारले तरी कळेल. मंडपात रात्रभर उभ्या असलेल्या शिपायाला चहा देणारे कार्यकर्ते आपल्यात पुष्कळ आहेत. त्याला पुढच्या दिवशी झोपायला मिळावे म्हणून मंडळाने मिरवणूक ठरल्या वेळी संपवावी, हा त्या चहाहून मोठा सत्कार होईल.

कानांविषयी थोडक्यात. अमेरिकेत निवृत्त सैनिकांना मिळणाऱ्या अपंगत्व भत्त्यात कानातील सततचा गुणगुणाट सर्वांत वरच्या क्रमांकावर आहे. सैन्याला पुरवलेल्या सदोष कर्णरोधकांच्या दाव्यांत थ्रीएम कंपनीने २०२३ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ज्याला नीट ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे टाळतो, मग माणसे टाळतो. त्याचा परिणाम पुन्हा मेंदूवरच होतो.

या साऱ्याचा शेवट घरात होतो. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आत परतलेला जवान विसरू लागला, उजेड सहन होईना, मुलांवर हात उगारू लागला, तर ‘मिलिटरीवाले तापटच असतात’ असे म्हणून गाव मोकळे होते. त्याची बायको मात्र त्याच्याबरोबर राहत असते. तिने डॉक्टरांना केवळ डोकेदुखी आणि राग सांगून भागत नाही. नवरा तोफखान्यात होता का, किती वर्षे, सुरुंगाच्या वा गोळ्याच्या स्फोटाजवळ कधी सापडला होता का, त्यानंतर किती वेळ तो गोंधळलेला होता, हे सांगावे लागते. माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यात जाताना ही माहिती तारखांसह एका कागदावर लिहून न्यावी आणि ती केसपेपरवर चढवून घ्यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या मेळाव्यांत निवृत्तिवेतनाच्या अर्जांसाठी टेबल मांडलेले असते. त्याच्या शेजारी हा कागद भरून देणारे आणखी एक टेबल मांडायला दोन शिकलेले स्वयंसेवक पुरतात.